जुन्या मालमोटारीस नवे ब्रेक

पुण्याहून साताऱ्याकडे येतांना खंबाटकीचा घाट, वाईहून पांचगणीस जातांना पसरणीचा घाट, आणि कऱ्हाडाहून चिपळुणास उतरतांना कुंभार्लीचा घाट; सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील मनुष्यास मोटारीचे गुणदोष कळतात ते बहुधा या घाटांवर. चढणीवर इंजिनाची परीक्षा होते, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानांत असते. उतरणीवर ब्रेकची परीक्षा होते, ही गोष्ट तितकी ध्यानांत राहत नाहीं. वस्तुतः चढणीवर इंजिन थकलें तर गाडी केवळ उभी राहते. उतरणीवर ब्रेक थकला तर ती उभी राहत नाहीं. म्हणून ज्या गाडीचे ब्रेक आपण स्वतः बदलले आहेत, ती घाटांत नेण्यापूर्वीं कोणत्या गोष्टी पाहिल्या पाहिजेत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अलीकडे जुन्या मालमोटारी शोधून काढून, त्यांची डागडुजी करून, त्या पुनः रस्त्यावर आणण्याची हौस वाढत चालली आहे. ही हौस वाईट नव्हे. मुंबईस शिवडी येथें १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शेव्रोले गाड्यांची जुळणी सुरू केली व १९५४ सालीं तें काम थांबलें. मध्यंतरीं दुसरें महायुद्ध संपल्यावर लष्करास नको झालेले ट्रकही बाजारांत आले. त्या काळची एखादी गाडी जुन्या वाड्याच्या मागें किंवा उसाच्या शेताच्या कडेस पत्र्याखालीं अजून सांपडते. तिचें इंजिन सुरू होतें, फळ्यांचा हौदा नवा बसवितां येतो, रंग चढतो; आणि मग मालकाच्या मनांत येतें कीं, आजच्या वाहतुकींत ही चालवावयाची तर पुढील चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून त्या जागीं डिस्क ब्रेक बसवावे.

विचार योग्य आहे. परंतु पुष्कळ वेळां असें घडतें कीं, डिस्क बसविल्यावर गाडी पूर्वींपेक्षां वाईट थांबते. पायडल तळास जातें, किंवा दगडासारखें कठीण लागतें, किंवा ब्रेक धरतो तो सुटतच नाहीं. मालक मिस्त्रीस दोष देतो, मिस्त्री डिस्कला दोष देतो, आणि दोघेही एकामागून एक भाग बदलीत सुटतात. आमचें म्हणणें असें कीं, अशा प्रसंगीं दोष बहुधा डिस्कमध्यें नसतो. नवी डिस्क व गाडींतील बाकीचे जुने अवयव यांचें परस्परांशीं जुळत नाहीं, तेथें तो असतो. आणि तो शोधून काढण्यास शाळेंत शिकविलें जाणारें पदार्थविज्ञान व थोडा धीर एवढें भांडवल पुरेसें आहे.

प्रथम ब्रेक चालतो कसा तें पाहूं. फ्रान्स देशांतील पास्कल या पंडितानें सतराव्या शतकांत दाखवून दिलें कीं, बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो. मोटारीच्या ब्रेकांत याच नियमाचा उपयोग केलेला असतो. पायडल म्हणजे एक तरफ. ती मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या ढकलते, दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो, आणि तें तेल नळ्यांवाटे चारही चाकांपर्यंत जाऊन तेथील दट्टे सरकवितें. चारही चाकांस अशी योजना असलेली पहिली विक्रीची मोटार अमेरिकेंत ड्यूसेनबर्ग कारखान्यानें १९२१ सालीं काढली. शेव्रोले गाड्यांस ती १९३६ सालीं मिळाली.

चाकाजवळ मात्र दोन निरनिराळ्या रीती आहेत. ड्रम ब्रेकांत चाकाबरोबर फिरणारा एक लोखंडी डबा असतो. त्याच्या आंत लायनर लावलेले दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. ते बाहेर फांकून डब्यास आंतून घांसतात. डिस्क ब्रेकांत उघडी लोखंडी तबकडी चाकाबरोबर फिरते, व कॅलिपर नांवाचा चिमटा तिला दोहों बाजूंनीं पॅडांमध्यें धरतो. ही दुसरी कल्पना नवी नव्हे. इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. परंतु १९५३ सालीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकली, आणि १९५५ सालीं सिट्रोएन कंपनीनें आपल्या नव्या मोटारीस पुढें डिस्क बसविल्या; त्यानंतर तिचा प्रसार झपाट्यानें झाला. कारण उघड आहे. ड्रम तापला म्हणजे फुगतो व शूपासून दूर जातो, त्यामुळें पायडल खालीं खालीं जातें. डिस्क तापली तर जाड होऊन पॅडाकडेच येते. शिवाय ती उघडी असल्यामुळें वाऱ्यानें लवकर निवते.

मग ड्रममध्यें कांहींच गुण नाहीं काय? आहे, आणि तोच येथें महत्त्वाचा आहे. ड्रम फिरतांना पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढूं पाहतो, व त्या ओढीनें शू अधिकच घट्ट बसतो. म्हणजे गाडीची गतीच ब्रेक लावण्यास मदत करते. डिस्कला ही आयती मदत नाहीं. तिला जेवढा दाब द्यावा तेवढेंच ती काम करते. शिवाय कॅलिपरचा दट्ट्या ड्रममधील दट्ट्यापेक्षां पुष्कळ रुंद असतो, म्हणून तो किंचित् सरकला तरी तेल अधिक घेतो. सारांश, डिस्क बसविली कीं मास्टर सिलिंडराकडून अधिक दाबाची मागणी होते व अधिक तेलाचीही होते. जुना मास्टर सिलिंडर मात्र ड्रमच्या मापानें केलेला असतो. बहुतेक दोषांचें मूळ या एका वाक्यांत आहे.

विद्यार्थ्यांनीं येथें पाटी घ्यावी. चालकाच्या पायाचा जोर ३० किलोग्रॅम धरूं, आणि पायडलाची तरफ त्याच्या सहापट जोर करते असें समजूं. म्हणजे मास्टर सिलिंडराच्या दट्ट्यावर १८० किलोग्रॅम जोर येतो. दट्ट्याचा व्यास २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, असल्यास त्याचें क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर होतें, आणि तेलांतील दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ३५.५ किलोग्रॅम येतो. व्यास २२.२ मिलिमीटर केला तर क्षेत्रफळ ३.८७ होऊन दाब ४६.५ पर्यंत चढतो. उलट व्यास २८.६ मिलिमीटर केला तर क्षेत्रफळ ६.४२ होऊन दाब २८ वर उतरतो. पाहा, सिलिंडर लहान केला तर दाब वाढला!

मग सर्वांत लहान सिलिंडर घ्यावा असें कोणी म्हणेल. त्यानें हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. चाकांस ६ घन सेंटिमीटर तेल पाठवावयाचें आहे असें समजा. २८.६ मिलिमीटरचा दट्ट्या त्यासाठीं सुमारें ०.९ सेंटिमीटर सरकतो, व पायडल त्याच्या सहापट म्हणजे ५.६ सेंटिमीटर खालीं जातें. एक इंची दट्ट्यास पायडल ७.१ सेंटिमीटर, आणि २२.२ मिलिमीटरच्या दट्ट्यास ९.३ सेंटिमीटर दाबावें लागतें. पायडल आणि तळ यांमध्यें अंतर ठरलेलें आहे. तेव्हां जोर मिळवावा तर अंतर द्यावें लागतें, आणि अंतर वांचवावें तर जोर द्यावा लागतो. सृष्टीच्या व्यवहारांत फुकट कांहीं मिळत नाहीं, हें तरफेच्या धड्यांत शिकलेलें सूत्र येथेंही तसेंच लागू आहे.

आतां एकेक दोष घेऊं.

पहिला दोष, पायडल मऊ लागणें. द्रव दाबल्यानें आकुंचन पावत नाहीं, हवा पावते; म्हणून पायडल स्पंजासारखें लागलें कीं नळींत हवा आहे असें समजावें. हवा काढण्यासाठीं कॅलिपरास निपल असतें. तें नेहमीं वरच्या टोंकास असलें पाहिजे. डाव्या व उजव्या चाकांचे कॅलिपर दिसण्यांत सारखे असतात, आणि घाईंत त्यांची अदलाबदल झाली म्हणजे निपल खालीं येतें. मग दिवसभर हवा काढली तरी निपलांतून स्वच्छ तेलच येतें, आणि बुडबुडा वर आपल्या जागीं सुखानें बसून राहतो. हा दोष डोळ्यांनीं नुसतें पाहिल्यानें सांपडतो, तरी तो पुष्कळांस शेवटीं सांपडतो.

याच्याशीं मिळताजुळता दुसरा प्रकार आहे. १९४७ च्या सुमाराच्या शेव्रोले मालमोटारींत मास्टर सिलिंडर पायाखालीं, फळीच्या खालच्या बाजूस असतो. तेथें तो कॅलिपरांपेक्षां खालीं पडतो, आणि पाय उचलला कीं तेल हळूहळू त्याच्याकडे परत येतें. परिणामीं पहिल्या दाबास पायडल खोल जातें व दुसऱ्या-तिसऱ्या दाबास वर येतें. यासाठीं नळींत एक लहान झडप बसवितात; ती दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ०.१४ किलोग्रॅम एवढाच दाब अडवून धरते. तेल परत जाऊं न देण्यास तेवढा पुरतो, व पॅड डिस्कला चिकटण्यास तो पुरत नाहीं. मात्र झडप विकत घेण्यापूर्वीं मागील ड्रमचे शू नीट जवळ घेतले आहेत कीं नाहींत तें पाहावें, कारण ते ढिले असले तरी हीच लक्षणें दिसतात; आणि तें पाहण्यास पैसा पडत नाहीं.

परीक्षा अशी. पायडल दोनतीनदां भरभर दाबावें. तें वर येऊन कठीण झालें तर शू ढिले आहेत किंवा तेल परत जात आहे. वर येऊनही मऊच राहिलें तर हवा आहे. आणि एकसारखें दाबून धरलें असतां तें सावकाश बुडत गेलें, तर तेल कोठें तरी निसटत आहे; बाहेर कोठेंही ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरांतील वॉशर गेले आहेत. हें शेवटचें लक्षण दिसल्यावर गाडी जागेवरून हलवूं नये.

दुसरा दोष, पायडल कठीण लागतें पण गाडी थांबत नाहीं. येथें तेल कमी पडत नाहीं, दाब कमी पडतो. वर केलेला हिशेब आठवावा: सिलिंडर फार रुंद असेल, किंवा तरफेची पट कमी असेल. साहाय्यक नसलेल्या गाडीस तरफ सुमारें सहापट असावी लागते. व्हॅक्यूम बूस्टर असल्यास चौपट चालते. बूस्टर बसविला असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पायडल चारपांच वेळां दाबावें, मग पाय त्यावर तसाच ठेवून इंजिन सुरू करावें. पायडल किंचित् खालीं गेलें तर बूस्टर काम करतो. जागचें हललें नाहीं तर त्याची नळी किंवा पडदा फुटला आहे. याखेरीज नव्या पॅडांस ग्रीस किंवा तेलाचा हात लागला असेल, अथवा ते डिस्कशीं घांसून अद्याप बसले नसतील, तरीही असेंच होतें.

तिसरा दोष, ब्रेक सुटत नाहीं. ड्रमच्या शूंस परत ओढणाऱ्या भक्कम स्प्रिंगा असतात, म्हणून जुन्या मास्टर सिलिंडराच्या तोंडाशीं दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ०.७ किलोग्रॅम दाब कायम ठेवणारी झडप बसविलेली असे. कॅलिपरांत तशी स्प्रिंग नसते. दट्ट्याभोंवतींचें रबरी कडें पीळ खाऊन त्याला किंचित् मागें घेतें, एवढेंच. तेव्हां जुनी झडप तशीच राहिली तर पॅड डिस्कला अखंड घांसत राहतात. दुसरें कारण, पायडलाचा दांडा मास्टर सिलिंडराच्या दट्ट्यास थोडी मोकळीक न ठेवतां टेकलेला असणें. अशा वेळीं तेल टाकींत परत जाण्याचें बारीक छिद्र झांकलेलें राहतें. चालतांना तेल तापून फुगतें, त्याला वाट नसते, म्हणून तें पॅड आवळतें; पॅड आवळल्यानें उष्णता वाढते, आणि उष्णतेनें तेल आणखी फुगतें. गाडी पांचदहा किलोमीटर ठीक चालून मग आपोआप जड होऊं लागली तर हें कारण प्रथम पाहावें.

हा दोष नळींत कोठें आहे तें क्रमानें शोधतां येतें. गाडी सपाट जागीं उभी करून, इतर चाकांस दगड लावून, पुढील चाक उचलून खालीं भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखालीं कोणीं कधींही जाऊं नये. चाक हातानें फिरत नसेल तर मास्टर सिलिंडराजवळील नळीचा नट सैल करावा. चाक सुटलें तर दोष मास्टर सिलिंडरांत, त्याच्या झडपेंत किंवा दांड्यांत आहे. न सुटलें तर चाकाजवळचें निपल उघडावें. आतां सुटलें तर मधली रबरी नळी आंतून सुजून बंद झाली आहे. तेव्हांही न सुटलें तर खुद्द कॅलिपर अडकला आहे. दोन पान्यांच्या फेऱ्यांत तीन शंकांचा निकाल लागतो! पुढें नट व निपल आवळून, शिरलेली हवा पुनः काढून टाकावी.

चौथा दोष, मागील चाकें आधीं अडकणें. ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो व मागील चाकें हलकीं होतात, विशेषतः हौदा रिकामा असतां. त्यांस पूर्वींइतकाच दाब मिळाला तर तीं फिरण्याचीं थांबून रस्त्यावर घसरतात, आणि गाडीची शेपटी आडवी येऊं पाहते. मागील नळींत दाब कमीजास्त करणारी झडप बसवून हा तोल साधतात. तो साधला कीं नाहीं हें पाहण्याची जागा म्हणजे कोरडें, सपाट व निर्मनुष्य मैदान; वाहता रस्ता नव्हे.

पांचवा दोष, गाडी एका बाजूस ओढणें. थोडें अंतर सावकाश चालवून, दोनतीनदां ब्रेक लावून थांबावें, व पुढील दोन्ही चाकांजवळ हात नेऊन, स्पर्श न करितां, ऊब पाहावी. जें चाक थंड आहे तें काम करीत नाहीं. जें फारच तापलें आहे तें सुटत नाहीं. पुष्कळदां दोष कॅलिपर धरणाऱ्या पाटांत निघतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. आज सांगली, मिरज व कऱ्हाड येथें हवा तो भाग कांतून देणारे कुशल कारागीर मिळतात. पण असा पाट करवून घेतांना तो डिस्कशीं सर्व बाजूंनीं समांतर येतो कीं नाहीं, हें मापून पाहिलें पाहिजे. तो तिरपा असेल तर पॅड एका कडेनें झिजतात, आणि आवाज, कंप व ओढ हीं तिन्ही एकदम सुरू होतात.

सहावा दोष सपाट रस्त्यावर दिसत नाहीं. तो घाटांतच प्रकट होतो. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंच आहे व वाई सुमारें ७०० मीटर. म्हणजे पसरणीचा घाट उतरतांना गाडी ६०० मीटर खालीं येते. गाडीचें वजन भारासह २००० किलोग्रॅम धरलें तर या उतरण्यांत सुमारें १ कोटी १८ लक्ष जूल शक्तीचा निकाल लावावा लागतो. तेवढ्या उष्णतेनें ३७ लिटर पाणी, म्हणजे दोन मोठ्या घागरी, साध्या पाण्यापासून उकळीस येईल. कांहीं वांटा वारा घेतो व कांहीं इंजिन घेतें. पण न्यूट्रलमध्यें गाडी सोडून दिली तर इंजिनाचा वांटाही ब्रेकवरच येतो. पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें घाट उतरणें ही काटकसर नव्हे. ज्या गिअरमध्यें चढावें त्याच गिअरमध्यें उतरावें, ही जुन्या चालकांची शिकवण शास्त्रशुद्ध आहे.

या उष्णतेचा कांहीं भाग ब्रेक ऑइलास लागतो. तें हवेंतील दमटपणा शोषून घेतें. डॉट ३ जातीचें नवें तेल किमान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. परंतु त्यांत पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरूं शकते. डॉट ४ जातीस हेच आंकडे २३० व १५५ असे आहेत. तेल उकळलें कीं त्याची वाफ होते. वाफ हवेसारखीच दाबली जाते. आणि क्षणापूर्वीं ठीक असलेलें पायडल एकाएकीं तळास जातें. गाडी थांबून निवली कीं पायडल पुनः ठीक लागतें, म्हणून मालकास वाटतें कीं कांहीं झालेंच नाहीं. पावसाळ्यांत महिनोन्महिने शेडमध्यें उभ्या राहणाऱ्या हौशी गाडीस हें भय अधिक. तेल दोन वर्षांनीं बदलावें, बाटली उघडी ठेवूं नये, आणि इंजिनाचें तेल त्यांत चुकूनही घालूं नये. त्यानें सर्व रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

या सहा दोषांखेरीज एक उणीव अशी आहे कीं, ती दोष म्हणून जाणवतच नाहीं. जुन्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एका चाकाची नळी फुटली कीं चारही चाकांचे ब्रेक जातात. पुढें निघालेल्या दुहेरी सिलिंडरांत पुढच्या व मागच्या चाकांचे मार्ग निराळे असतात, त्यामुळें एक गेला तरी दुसरा उरतो. जो मालक डिस्कवर खर्च करतो व एकेरी सिलिंडर तसाच ठेवतो, त्यानें दार नवें केलें आणि चौकट कुजकी ठेवली. हाताचा ब्रेकही चालू स्थितींत असलाच पाहिजे.

दोष शोधतांना क्रम सोडूं नये. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बदलाआधीं व बदलानंतर काय दिसलें तें वहींत लिहावें, आणि फुकटची परीक्षा प्रथम व पैशाची शेवटीं करावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या व गाडी सुधारली, तर कोणतीनें सुधारली तें कळत नाहीं. आणि बिघडली तर दुप्पट घोटाळा. प्रयोगशाळेंतील हाच नियम मिस्त्रीच्या शेडमध्येंही चालतो.

पालकांस दोन सूचना. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ श्वासाबरोबर आंत गेल्यास फुप्फुसांस गंभीर रोग होतात. ड्रम उघडतांना ती हवेनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी, आणि मुलांस दूर ठेवावें. दुसरें, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें वाहनांतील फेरफारांस मर्यादा घातली आहे. आणि २०२१ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें व्हिंटेज म्हणून नोंदणी होण्यास गाडी पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची व मूळ स्वरूपांत राखलेली असावी लागते. तेव्हां काम हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें हें शहाणपणाचें.

पौलानें करिंथच्या मंडळीस लिहितांना शरीर व त्याचे अवयव यांचा दृष्टान्त घेतला आहे, तो आपल्या शाळेंतील मुलांस ठाऊक आहे. ब्रेकही असेंच एक शरीर आहे. एक अवयव बळकट केला म्हणजे शरीर बळकट झालें असें नव्हे. इतरांस त्याच्याशीं जुळवून घेतां आलें पाहिजे. आणि दयाळू शोमरोन्याची गोष्ट जीवर घडते, ती यरुशलेमेहून यरीहोस जाणारी वाटही उतरणीचीच आहे. माझा शेजारी कोण, या प्रश्नाचें उत्तर घाटांत शोधावयास लांब जावें लागत नाहीं. खालच्या वळणावर उसाची गाडी हांकणारा, दुचाकीवर मुलास घेऊन चाललेला, रस्त्याच्या कडेनें पायीं जाणारा. त्यांतील कोणीही आपल्या गाडीचा मास्टर सिलिंडर पाहिलेला नसतो. ते केवळ आपल्यावर विश्वास ठेवून चालत असतात. तेव्हां पायडल निःसंशय ठीक लागेपर्यंत गाडी मैदानांतच ठेवावी, आणि शंका उरली असेल त्या दिवशीं घाटाचा बेत रहित करावा.